ॲप बनवायचं तर इंजिनिअरिंगच हवं, हे कोणी सांगितलं?

गुहागर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७१ टक्के, सीईटीला ६४ पर्सेंटाइल. पहिल्यांदाच धावायला लागलेल्या बायकांसाठी ती मोबाइल ॲप करतेय. वडिलांना पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवंय, त्यासाठी कलमांच्या बागेवर कर्ज काढायची तयारी आहे आणि ॲडमिशन होईपर्यंत ‘ते खेळ बंद’ म्हणून लॅपटॉप कपाटात ठेवलाय.

भाऊ, नमस्कार. मार्कांचं नंतर बघू. तुमच्या पत्रात पुण्यातली कॉलेजं आहेत, फी आहे, चुलतभावाच्या मुलाचं पॅकेज आहे, वाडीत लोक काय म्हणतील तेही आहे, पण मुलीला काय हवंय याचं एक वाक्य नाही. ‘लॅपटॉप ठेवून दिल्यापासून ती फारशी बोलत नाही’ असं जाता जाता लिहिलंयत, मला सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. क्लास नाही, कोणी मागे लागलेलं नाही, तरी पोरगी रोज उठून एक काम करत होती आणि ते तुम्ही थांबवलंत. तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही, बागेवर कर्ज काढायला निघालेला बाप लेकीचं वाईट कसं चिंतेल. पण ते कर्ज पहिल्या सेमिस्टरपासून तिच्या डोक्यावर बसणार, एखादा विषय राहिला तरी तिच्या डोळ्यासमोर बाग येणार, आणि आंब्याचं एखादं वर्ष कसं जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. माझं मत स्पष्ट आहे, कर्ज काढू नका. आणि लॅपटॉप आजच परत द्या.

आता ‘ॲप बनवायचं तर इंजिनिअरिंग लागतंच ना’ याबद्दल. नाही लागत. ‘ती वहीत चौकोन काढत बसते, एका चौकोनात एकच मोठं बटण’ असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, अहो तेच खरं काम आहे! पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो, बोटं ओली, स्क्रीन धड चालत नाही, म्हणून बटण एकच आणि मोठं, बाकी सगळं आवाजाने सांगायचं, हे तिला पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, बायकांसोबत जाऊन कळलंय. काउच टू फाइव्ह के (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत) हा नवशिक्यांचा जगभर गाजलेला प्लॅन जॉश क्लार्कने १९९६ मध्ये आपल्या आईसाठी तयार केला, नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं. पुढे क्लार्क डिझाइनच्याच क्षेत्रात नावारूपाला आला. दम लागलेल्या बाईला कधी थांबवायचं, आठवडाभर खंड पडला तर तिला न लाजवता परत कसं बोलवायचं, तिचा घराजवळचा रस्ता दुसऱ्या कोणाला दिसणार नाही ना, हे सगळं ठरवणं म्हणजे डिझाइन. कोडिंगही लागतं, नाही असं नाही, फोन खिशात लॉक झाला की अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲप झोपवतं आणि ‘आता चाला’ हा आवाज वेळेवर येतच नाही, असल्या गोष्टी तिला सोडवाव्या लागतील, पण त्या घरी बसून शिकता येतात.

रस्ते सांगायचे तर बी.डिझाइन या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा आहे, जानेवारीत होते, शाखेची अट नाही, यंदा बारावी झालेल्यांनाही पुढच्या जानेवारीत देता येते, आणि कोडिंगकडेच ओढा असेल तर रत्नागिरीत बीएससी आयटी. यातलं काय ते तिला ठरवू दे.

तिलाही एक सांगा, या पहिल्या ॲपमधून पैसे येतील असं धरून चालू नकोस. ते पूर्ण करून लोकांच्या हातात देणं महत्त्वाचं, उद्या मुलाखतीत दाखवायला ते टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. गूगल प्लेवर नवीन वैयक्तिक अकाउंटला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं, तिच्यासोबत पुळणीवर धावणाऱ्या बायका आहेतच.

आणि तुम्ही तिला एक मदत करा. पुळणीवर धावायला ओहोटीची घट्ट वाळू लागते आणि ती वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते हे तुमच्या घरात कोणाला तरी माहीत असणारच, अष्टमीला सहाची भरती म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. ते तिच्याजवळ बसून तिला सांगा, तिच्या ॲपमध्ये ओहोटीची वेळ आली तर गुहागरच्या बायकांना त्याचा रोज उपयोग होईल. आणखी एक, गूगल प्लेच्या डेव्हलपर अकाउंटला १८ वर्षं पूर्ण लागतात, तिला डिसेंबरात होतील असं तुम्ही लिहिलंय, तोवर थांबायचं नसेल तर अकाउंट तुमच्या नावावर काढा, एकदाच २५ डॉलर भरायचे असतात, आणि ॲप नंतर तिच्या नावावर ट्रान्सफर करता येतं.