'नॉट हॅपी' म्हणजे दुःखी नव्हे

प्रश्न असा आलाय की लंडनचा मॅनेजर मेलमध्ये 'आय अ‍ॅम नॉट हॅपी विथ धिस' लिहितो तेव्हा तो दुःखी असतो का, आणि 'हॅपी टू हेल्प'मध्ये आनंद कसला. दुःखीबिःखी काही नाही, नाराज आहे, काम परत करायला घ्या. आणि 'हॅपी टू हेल्प' म्हणजे मदतीला तयार, एवढंच. आणि ते 'आपली मदत करण्यात आम्हाला आनंद होईल' जे कस्टमर केअरवाले दिवसभर ऐकवतात ते आधी बंद करा प्लीज, अरे 'करतो की' म्हणा, 'सांगा ना' म्हणा!

'हॅपी' आला नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या, 'हॅप'वरून, म्हणजे नशीब. हॅपन, परहॅप्स, मिसहॅप सगळी त्याचीच पिल्लं. हे कुठल्याही डिक्शनरीत मिळेल.

पण खूशवरून तयारवर कसं येतात ते दाखवणारा खरा शब्द आहे 'फेन' (fain), आता कोणी वापरत नाही पण काय शब्द आहे! जुन्या इंग्रजीत अर्थ खूश, मग हळूहळू 'वुड फेन' म्हणजे अमुक करायला तयार. 1611च्या किंग जेम्स बायबलात लूकच्या 15व्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे बघा, बापाचा पैसा उडवून डुकरं राखायची पाळी आलीये, पोटात अन्न नाही, आणि डुकरांपुढची टरफलं खाऊन पोट भरायला तो 'फेन' आहे. यात आनंद कुठाय? मिळालं तरी चालेल, एवढंच. म्हणून 'हॅपी टू' हे कॉर्पोरेटवाल्यांचं खूळ आहे असं जे इंग्रजीचे जाणकार म्हणतात त्यांचं मला अजिबात पटत नाही, खूश असण्यावरून तयार असण्यावर यायची वाट इंग्रजीत कॉर्पोरेटच्या कितीतरी आधीची आहे.

आणि आपण तरी वेगळं काय केलं? 'राजी' घ्या. अरबीत अर्थ समाधानी, फारसीतून आपल्याकडे आला, आता 'पोरगी लग्नाला राजी आहे' म्हणजे तयार आहे, आनंद असेल नसेल. उलट बाजूला 'नाराज'. म्हणजे आनंद, तयारी, तक्रार, तिन्ही एकाच शब्दात! 'राजीनामा' तर मूळचं संमतीपत्र, हिंदीत अजून त्याचा अर्थ तडजोड, आपल्याकडे मात्र नोकरी सोडायचा कागद. माझं म्हणणं, हा अर्थ महसूल खात्यातून आला, जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत, म्हणजे जमीन घेतल्याचा कबुलीचा कागद. काहीही असो, 'राजी'चं 'राजा'शी नातं मात्र कृपा करून जोडू नका.