बायकोला एसएसएन मिळणार नाही, मग अमेरिकेत टॅक्स कसा भरायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात तू एच-वनबीवर (नोकरीच्या व्हिसावर) डॅलसला येणार, बायको पुण्यातली नोकरी आटोपून पुढच्या वर्षी गणपती झाले की एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, येणार. तिला सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) मिळत नाही असं ऑफिसात कुणी सांगितलं आणि 'नंबर नाही म्हणजे जॉइंट रिटर्न (नवरा-बायकोचं मिळून एकच) नाही' अशी धास्ती तू घेतलीस. ताई म्हणून विचारलंस, तेव्हा एकेरीतच लिहिते. मीही एच-फोरवरच आले आणि आमच्या घरात टॅक्सचं सगळं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

नंबर नसण्याची काळजी सोड. ज्याला एसएसएन मिळू शकत नाही त्याच्यासाठी आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, वेगळा नंबर देते, आयटिन. नऊ आकडी, ९ ने सुरू होणारा, १९९६ पासून चालू आहे. तो फक्त टॅक्सपुरता. त्यावर नोकरी करता येत नाही आणि व्हिसाशी त्याचा काही संबंध नाही. महत्त्वाचं म्हणजे आपल्या पॅनसारखा तो आधी काढून ठेवायचा नसतो, बहुतेक वेळा रिटर्नबरोबरच मागायचा असतो.

एक मात्र आधी तपासून घे. व्हिसा एच-फोरच आहे ना? कंपनीने ऐनवेळी एल-वनवर (कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर) पाठवलं तर बायको एल-टूवर येईल, आणि एल-टूवरच्या जोडीदाराला काम करायची मुभा असते. तिच्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीवर) 'एल-टू-एस' असेल तर सरळ एसएसएनचा अर्ज करायचा. एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळतं, पण साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर, म्हणजे तुमच्या बाबतीत इतक्यात नाही. ज्याला एसएसएन मिळू शकतो त्याला आयटिन देत नाहीत.

आता जॉइंट रिटर्नचा एवढा आग्रह का, ते आकड्यांतच बघ. आपल्याकडे नवरा-बायकोचं रिटर्न वेगवेगळंच असतं, त्यामुळे ही भानगड पटकन लक्षात येत नाही. २०२५ सालाचा हिशेब धर. पगार ९०,००० डॉलर. लग्न झालंय म्हणजे 'सिंगल' लिहिता येत नाही, 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' (विवाहित, पण वेगळं रिटर्न) लिहावं लागतं. त्यात स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० आणि फेडरल टॅक्स ११,२४९ डॉलर. तोच पगार जॉइंट दाखवला तर डिडक्शन ३१,५०० आणि टॅक्स ६,५४३. फरक ४,७०० डॉलरच्या वर. त्या पैशांत दोघांचं भारतात जाणं-येणं होऊन वर बरंच उरतं.

पण तुझ्या पहिल्या तीन महिन्यांना हे लागू होत नाही, हे कोणी सांगत नाही. तू टॅक्सच्या दृष्टीने 'रेसिडेंट' आहेस की नाही ते इथे काढलेल्या दिवसांवरून ठरतं. चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्या मागच्या वर्षाचे एक षष्ठांश, मिळून १८३ भरायला हवेत, आणि चालू वर्षात किमान ३१. ऑक्टोबर ते डिसेंबर जेमतेम ९२ दिवस होतात. म्हणजे त्या वर्षी तू नॉन-रेसिडेंट, रिटर्न फॉर्म १०४०-एनआर वर, त्यात जॉइंट नाही आणि स्टँडर्ड डिडक्शनही नाही. बायकोच्या नंबरचा त्या वर्षी प्रश्नच येत नाही. पहिल्याच वर्षी रेसिडेंट धरून घ्यायची फर्स्ट इयर चॉइस म्हणून एक पळवाट आहे, पण त्यात पुढच्या वर्षीचे दिवस भरेपर्यंत रिटर्न थांबवावं लागतं, आणि जॉइंट करायचं तर दोघांचं भारतातलं वर्षभराचं उत्पन्नही दाखवावं लागतं. तीन महिन्यांच्या पगारासाठी मी तरी त्या वाटेला गेले नसते.

खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा. तू वर्षभर इथे, म्हणजे रेसिडेंट. ती गणपतीनंतर येणार, तिचे १८३ दिवस भरत नाहीत, म्हणजे ती नॉन-रेसिडेंट. तरी जॉइंट करता येतं. कायद्याच्या कलम ६०१३(जी) प्रमाणे दोघांच्या सह्यांचं एक पानी निवेदन रिटर्नला जोडायचं: वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक रेसिडेंट आणि एक नॉन-रेसिडेंट होतो आणि आम्हा दोघांना अख्खं वर्ष रेसिडेंट धरावं. नाव, पत्ता, नंबर (तिचा अजून नाही, तसंच लिहायचं), सह्या. एवढंच.

याची किंमत म्हणजे तिचं जगभरचं उत्पन्न या रिटर्नमध्ये येतं. जानेवारी ते ऑगस्टचा पुण्याचा पगार, बँकेचं व्याज, एफडी, सगळं. भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजही इथे धरतात, आणि म्युच्युअल फंड असतील तर परदेशी फंडांसाठीच्या फॉर्म ८६२१ चं वेगळं लचांड. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट (इथल्या करातून सूट) मिळतं, पण नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, आणि जो भरलाच नाही त्याचं क्रेडिट कुठून मिळणार? परदेशी पगाराच्या काही सवलती आहेत, त्या तिला बसतात का ते जाणकाराला विचार. तिचा पगार तुझ्यापुढे किरकोळ असेल तर जॉइंटच फायद्याचं. पण त्याच वर्षी तिने फ्लॅट किंवा शेअर विकले असतील तर दोन्ही हिशेब कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका. आणि एकदा हा पर्याय घेऊन मग रद्द केला तर तुम्हा दोघांना पुन्हा घेता येत नाही.

आता डब्ल्यू-७, म्हणजे आयटिनचा अर्ज. फॉर्म एका पानाचा, पण लोक अडतात ते नावावर. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक नाव, बँकेत दुसरं आणि पासपोर्टवर माहेरचं, असा घोळ घरोघरी. इथे पासपोर्टवर जे आहे तेच, अक्षर न् अक्षर, डब्ल्यू-७ वर आणि रिटर्नवरही. जन्मावेळचं नाव वेगळं असेल तर त्याच्यासाठी खालची ओळ आहे. कारणाच्या चौकटीत दुसऱ्या वर्षी 'ई', रेसिडेंटचा जोडीदार. तिचे स्वतःचे दिवस भरले असते तर 'सी'. परदेशी पत्त्याच्या रकान्यात पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन आलात म्हणून तो पत्ता लिहू नका. कायमचं घर सोडलं असेल तर नुसतं 'इंडिया' लिहायचं. तारखा महिना-दिवस-वर्ष अशा. सही तिची, तिच्या हाताची. आणि १०४० वर, म्हणजे रेसिडेंटच्या रिटर्नच्या फॉर्मवर, तिच्या नंबरची जागा कोरी सोडायची, तिथे शून्यं भरायची नाहीत.

कागदपत्रांत पासपोर्ट एकटाच पुरतो, पण मूळ हवा, किंवा तो देणाऱ्या यंत्रणेनेच प्रमाणित केलेली प्रत. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही. आपल्याला नोटरीवर फार विश्वास, म्हणून दोनदा सांगते: चालत नाही. डब्ल्यू-७ वर ठेवून खाली सह्या केलेलं रिटर्न, असा गठ्ठा टेक्सासमधल्या ऑस्टिनला आयआरएसच्या आयटिन विभागाकडे जातो. नेहमीच्या रिटर्नचा पत्ता वेगळा आहे, तिकडे पाठवू नकोस. आयआरएस सात आठवडे सांगते, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत नऊ ते अकरा. तेवढे दिवस बायकोचा पासपोर्ट टपालात सोडायची माझी तरी छाती होत नाही. भारतात कुणाचं आजारपण निघालं तर तिने काय करायचं? त्यापेक्षा आयआरएसने मान्यता दिलेला सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट गाठ. तो पासपोर्ट डोळ्यांखालून घालतो, प्रमाणपत्र देतो आणि पासपोर्ट तिथल्या तिथे परत करतो. फी घेतो, प्रत्येकाची वेगळी, फोनवर विचारून घे. आयआरएसच्या काही टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरवर हेच काम फुकट होतं, फक्त अपॉइंटमेंट लागते आणि सगळ्या सेंटरवर ती सोय नसते.

मुदत १५ एप्रिल. जमत नसेल तर फॉर्म ४८६८ ने ऑक्टोबरपर्यंत वाढवून मिळते, पण टॅक्सची रक्कम एप्रिलातच भरायची. अगदीच धावपळ झाली तर तू वेगळं रिटर्न भर. मूळ मुदतीपासून तीन वर्षांत १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून ते जॉइंट करता येतं. उलट, जॉइंटचं वेगळं करणं मुदत संपल्यावर शक्य नाही.

नंबर पत्राने येतो, कार्ड नसतं. ते पत्र जपून ठेवा. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर नंबर बाद होतो. पुढे तिला वर्क परमिट आणि एसएसएन मिळाला की आयटिन बंद करून आयआरएसला तसं कळवायचं. भारतात जन्मलेलं मूल असेल तर त्यालाही आयटिन लागेल आणि त्याच्यावर फक्त ५०० डॉलरचं क्रेडिट मिळतं. मोठं चाइल्ड टॅक्स क्रेडिट मुलाला एसएसएन असेल तरच. डॅलसचं एक सुख, टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, तेव्हा दुसरं रिटर्न नाही.

निघण्याआधी तिच्या एचआरकडून जानेवारीपासूनच्या महिन्यावार पगारपत्रकांच्या प्रती घेऊन ठेवा. फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा असतो आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे नुसत्या फॉर्म १६ वरून आठ महिन्यांचा हिशेब लागत नाही. नोकरी सोडल्यावर कंपनीचं पोर्टल बंद होतं आणि मग त्याच प्रतींसाठी डॅलसहून फोन करत बसावं लागतं.