सुईआधी बोटं : मुलांच्या सेंट्रल लाइनबद्दल (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीबद्दल) तुमचे प्रश्न

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळाला उजव्या ज्युग्युलरमध्ये (मानेतल्या मोठ्या शिरेत) लाइन टाकायची होती. पुस्तकातला त्रिकोण काही केल्या सापडेना. दोनदा सुई घातली, रक्त आलं नाही. शेवटी सरांनी टाकली. माझं काय चुकलं? (निवासी डॉक्टर, सोलापूर)

सुई हातात घेण्याआधीच काहीतरी राहून गेलं असावं. तुम्ही शोधत होतात तो सेडिलोचा त्रिकोण. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड स्नायूच्या दोन मुळांच्या मधे, खाली कॉलरबोन. सेडिलो हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच सर्जन. ‘मायक्रोब’ हा शब्दही त्याचाच. मोठ्या माणसाने मान वळवली की हा त्रिकोण लांबूनही दिसतो. आठ महिन्यांच्या बाळाला मात्र मान जेमतेम असते, हनुवटीखाली लगेच छाती. त्यात गुंगी दिली की स्नायू सैल पडतो आणि त्रिकोणाच्या कडा हरवतात.

म्हणून आधी बाळाला नीट झोपवा. खांद्यांखाली टॉवेलची घडी, डोक्याकडची बाजू साधारण १५ अंश खाली, मान डावीकडे थोडीशीच वळवलेली. या ‘थोडीशीच’वर माझा जोर आहे. जागा मोकळी व्हावी म्हणून आपण मान पार वळवतो. पण ४५ अंशांच्या पुढे गेलं की शीर सरकून कॅरोटिड धमनीच्या अंगावर येते, आणि सुई शिरेतून आरपार थेट धमनीत जाऊ शकते.

त्रिकोण दिसलाच नाही तर क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राखालच्या कूर्चेच्या कडीच्या) पातळीवर कॅरोटिडचा ठोका शोधा. शीर त्याच्या बाहेरच्या बाजूला असते. ठोका लागला की बोटाचा दाब हलका करा, कारण बाळाची शीर तुमच्या बोटानेच चपटी होते. सुई साधारण ३० अंशांवर, त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या दिशेने. शीर बहुधा सेंटीमीटरभराच्या आतच असते, त्यामुळे खोल जायचं कारण नाही. जुलाबाने सुकलेल्या बाळाची शीर मिटलेली असते. मदतनीसाने यकृतावर हलका दाब दिला तर ती फुगते.

आणखी एक. सुई आत जाताना शिरेची पुढची भिंत मागच्या भिंतीला टेकते, म्हणून रक्त येत नाही. पुष्कळदा ते सुई मागे घेताना येतं. सिरिंज ओढती ठेवून, सावकाश मागे या. तुमच्या त्या दोन प्रयत्नांपैकी एखादा शिरेतूनच गेला असेल, अशी मला दाट शंका आहे.

प्रश्न : जांघेतल्या लाइनसाठी डॉक्टर बाळाचे पाय बेडकासारखे फाकवून धरायला सांगतात. खरंच गरज असते का? (स्टाफ नर्स, रत्नागिरी)

असते, सिस्टर, आणि पाय स्थिर धरणारे तुमचे हात अर्धं काम करतात. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जघनास्थीचा मध्य यांना जोडणारी रेघ मनात आखा. तिच्या मध्याशी फेमोरल धमनीचा ठोका लागतो. शीर त्याच्या आतल्या अंगाला, तान्ह्या बाळात जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरवर. पाय सरळ असताना धमनी शिरेवर चढलेली असू शकते. पाय बाहेर वळवून फाकवले की दोघी शेजारी शेजारी येतात. सुई जांघेच्या घडीजवळ, इंग्वायनल लिगामेंटच्या (कमरेच्या हाडापासून जघनास्थीपर्यंतच्या पट्ट्याच्या) खालीच टोचायची. वर टोचली तर पोटामागे रक्तस्राव होतो आणि तिथे दाबून धरायला जागाच नसते.

हृदय बंद पडल्यामुळे छातीवर दाब देणं चालू असेल तेव्हा सावध राहा. त्या वेळी जांघेत लागणारा ठोका शिरेचाही असू शकतो. आतल्या बाजूला रक्त आलं नाही, तर सुई ठोक्यावरच घालून पाहावी लागते.

प्रश्न : माझ्या मुलीला हाताला सलाइन होतं, तरी मानेत नळी घातली. एवढी गरज होती का? (एक आई, नाशिक)

ताई, तुमच्या मुलीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्यापुरतं ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणं योग्य होणार नाही. रक्तदाब टिकवणारी औषधं किंवा दाट साखरेचं सलाइन हाताच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं, तर कातडी जळल्यासारखी काळी पडते. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत तेच औषध लगेच रक्तात मिसळून पातळ होतं. ‘तिला कोणत्या औषधासाठी लाइन लागली?’ असं तिच्या डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : आता सोनोग्राफी आहे, मग या खुणा कशाला पाठ करायच्या? (भूलतज्ज्ञ, कोल्हापूर)

मशीन असेल तर वापराच, यात माझं दुमत नाही. ज्युग्युलरसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००२ मध्येच मुलांसकट सगळ्यांना ती शिफारस केली. पण प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, पडद्यावरच्या दोन काळ्या गोलांपैकी दाबल्यावर मिटणारा, म्हणजे शीर, कोणता, हे सगळं त्या खुणांवरूनच कळतं. रात्री तीनला मशीन दुसऱ्या वॉर्डात असतं, तेव्हाचं तर बोलायलाच नको.

प्रश्न : लाइन किती आत ठेवायची, याचा सोपा हिशेब आहे का? (निवासी डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर)

उजव्या ज्युग्युलर किंवा सबक्लेव्हियनसाठी (कॉलरबोनखालच्या शिरेसाठी) आहे. उंची १०० सेंटीमीटरपर्यंत असेल तर उंचीला १० ने भागून १ वजा करा, त्याहून जास्त असेल तर २. म्हणजे ७५ सेंटीमीटरच्या बाळाला साडेसहा, १२० च्या मुलाला १०. उंची मात्र टेपने मोजा, अंदाजाने नको.

मग एक्स-रे. श्वासनलिका जिथे दुभंगते ती करायना शोधा. ती हृदयाच्या आवरणाच्या वर असते, म्हणून टोक तिच्या आसपास असलं तर मला निर्धास्त वाटतं. टोक हृदयात रुतलं तर पातळ भिंतीला भोक पडून आवरणात द्रव साचू शकतो. ब्रिटनमध्ये अशा चार नवजात बाळांच्या मृत्यूंचा सरकारी आढावा २००१ मध्ये आला, आणि टोक हृदयाबाहेर ठेवा असं त्यात बजावलं होतं. फिल्म काढताना मान सरळ आहे ना, तेही पाहा : हनुवटी छातीकडे झुकली की टोक आणखी आत सरकतं. आणि लाइन असलेलं बाळ अचानक कोसळलं, तर हा द्रव साचला नाही ना, हे सर्वांत आधी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) तपासा.