बाळानंतरची जवळीक: घाई कसली?
अगं, तीन महिन्यांत सगळं पूर्वीसारखं व्हायलाच हवं असं कुणी सांगितलं तुला? ६ आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर 'हरकत नाही' म्हणतात, ती परवानगी असते, हुकूम नव्हे.

सुरुवात नुसत्या स्पर्शाने कर. बाळ झोपलं की आम्ही दहा मिनिटं हात धरून पडायचो. निम्म्या वेळा मीच घोरायला लागायचे! पुढे काही करायचं नाही हे आधीच ठरलेलं असलं की अंग सैल पडतं.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- दुखत असताना दात आवळून सहन करणं. अंगावर पाजत असतानाच्या काळात इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं एक हार्मोन) कमी असतं, योनीत कोरडेपणा येतो. वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट (ओलावा देणारं, पाण्यापासून बनवलेलं जेल) वापर. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखव.
- पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहणं. त्याआधीही दिवस जाऊ शकतात.

आणि नवऱ्याशी बोल गं. तू गप्प राहिलीस की त्याला वाटतं, आपण नकोसे झालोय.