‘रक्तातच आहे’ म्हणण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या आईने विचारलं, “ह्याचे वडीलही वाचताना असेच अडखळायचे, म्हणजे हे रक्तातच ना?” आणि तू गप्प राहिलीस. बरं केलंस. घाईने ‘हो’ म्हणाली असतीस, तर त्या घरात सगळ्यांनी हात टेकले असते.

रक्ताचा भाग खोटा नाही. एकसारखी जुळी (जनुकं जवळपास तीच) आणि साधी जुळी (इतर भावंडांइतकीच सारखी) यांची तुलना केली, की शाळकरी वयातल्या वाचनाच्या फरकांपैकी निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा जनुकांकडे जातो. पण वाचनाचं असं एखादं जनुक नाही. लिपीच मुळी जेमतेम 5,000 वर्षांची, एवढ्यात तिच्यासाठी वेगळं जनुक कुठून येणार! 2022 मध्ये दहा लाखांवर लोकांची जनुकीय माहिती तपासून डिस्लेक्सियाशी, म्हणजे वाचायला शिकताना येणाऱ्या अडचणीशी, निगडित 42 जनुकीय जागा सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी बारीक.

आता हे जपून वाच. समज, कुणी म्हणालं वाचन साठ टक्के आनुवंशिक आहे, तर त्याचा अर्थ ‘या’ मुलाचं साठ टक्के वाचन ठरून गेलं, असं नव्हे. तो आकडा मुलामुलांमधल्या फरकाचा, आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो. फ्लोरिडातल्या पहिली-दुसरीच्या जुळ्यांवर 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघ. शिक्षक चांगले, तिथे जनुकांचा वाटा मोठा दिसला; शिकवणं कच्चं, तिथे लहान. मला आधी हे उलटंच वाटलं होतं. पण चांगल्या वर्गात ज्याची जेवढी कुवत तेवढी फुलते, म्हणून जन्मजात फरक दिसतात. कच्च्या वर्गात ती दबूनच राहते. तेव्हा मोठा आकडा दाखवून ‘शिकवून काय उपयोग’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नकोस.

घरातल्या पुस्तकांचंही तसंच. पुस्तकं आणणारे आईवडील जनुकंही देतात, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगणं अवघड. शिवाय ज्याला जमतं तो आपणहून वाचतो; जो अडखळतो तो टाळतो, सराव बुडतो, अजून मागे पडतो. तुझं काम इथे आहे.

पुढच्या वेळी तो मुलगा वाचत असताना त्याच्या बोटाकडे बघ. ते ‘भ’ आणि ‘म’पाशी थबकतं, की जोडाक्षरापाशी? शब्द पुरा करून देऊ नकोस. पहिल्या अक्षराचा आवाज दे आणि थांब.

आईला सांग, वडिलांची माहिती मोलाची आहे. धाकटीकडे आत्तापासूनच लक्ष ठेवता येईल. आणि वडिलांनाही एकदा बोलाव. वर्गात नेमकं कुठे अडायचं, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार?

तुझी,
ताई