‘प्रतिजन’ म्हणजे शत्रू का?

विट्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. महिला मंडळासाठी त्या स्तनाच्या कर्करोगावर माहितीपत्रक लिहीत आहेत. ‘ट्यूमर अँटिजेन’ला कोशात ‘अर्बुद प्रतिजन’ सापडला. पण गाठ तर आपल्याच शरीरातली, मग तिच्यातलं प्रथिन ‘प्रति’ कसं?

ताई, शंका अगदी रास्त आहे. २०२० साली नाकात काडी घालून अँटिजेन टेस्ट झाली, तेव्हापासून अँटिजेन म्हणजे बाहेरून आलेला विषाणू असंच आपल्या मनात बसलंय. त्यातून ‘प्रति’ म्हटलं की प्रतिपक्ष, प्रतिस्पर्धी आठवतात. इथं मात्र ‘प्रति’ हे प्रतिपिंडातलं आहे. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, आणि ती जन्माला घालायला जे कारण होतं ते प्रतिजन. खरं तर ‘प्रतिपिंडजनक’ म्हणायला हवं होतं, मधलं ‘पिंड’ गळलं. यातला ‘जन’ लोक या अर्थाचा नाही. जनक, जननी, जनुक यांतला आहे. गंमत म्हणजे अँटिजेनमधला ग्रीक ‘जेन’ आणि आपला ‘जन्’ धातू मुळात एकाच घरातले.

म्हणजे प्रतिजन परका असलाच पाहिजे, असं शब्द सांगतच नाही. भावकीतलाच माणूस, पण वागणं बदललं की गाव त्याच्याकडे बघायला लागतं, तसं हे आहे. म्यूक-१ हे प्रथिन निरोगी दुग्धनलिकांच्या पेशींवरही असतं, साखरेच्या लांब साखळ्यांनी झाकलेलं. कर्कपेशींत त्या साखळ्या आखूड होतात आणि झाकलेला गाभा उघडा पडतो. हर-२ हे दुसरं प्रथिन निरोगी पेशींवर थोडंच असतं, काही गाठींत त्याची रेलचेल होते. पी-५३ हे तिसरं प्रथिन बिघडून पेशीत साठतं. या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात १९८२ मध्येच आढळली होती. लस दिलेली नसताना, शरीरानं आपणहून केलेली. ‘नैसर्गिक प्रतिसाद’ म्हणतात तो हाच.

‘अर्बुद’ सुश्रुतसंहितेतला जुना, मानाचा शब्द आहे. मला तो फार आवडतो. तरी पत्रकात नको. मिरजेला दवाखान्यात आलेली बाई ‘छातीत गाठ आलीया’ म्हणते, तिला ‘गाठ’च वाचायला मिळू दे. फक्त प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हे शेजारीच लिहा. ‘प्रतिजन’ एकदाच, अर्थ उलगडून वापरा. आणि ‘प्रतिकार’ऐवजी ‘प्रतिसाद’ लिहा, कारण प्रतिकार म्हटलं की गाठ परतवून लावली असं वाटतं.

मी वाक्य असं केलं असतं: ‘गाठीतल्या काही प्रथिनांची शरीर दखल घेतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, अशा प्रथिनांना प्रतिजन म्हणतात. पण तेवढ्यानं गाठ जात नाही, उपचार घ्यावेच लागतात.’