अँझायटी अटॅक आणि पॅनिक अटॅक यांत नेमका फरक काय?

तुम्ही दोन प्रसंग लिहिलेत. मुलाखतीच्या आधी चार दिवस पोटात गोळा, झोप उडालेली, घरच्यांवर चिडचिड. आणि नंतर एकदा, मुलाखत होऊन गेल्यावर, निवांत बसलेले असताना एकाएकी छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि 'आता आपण जातो' अशी खात्री. हे दोन्ही एकच का, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण दोन्हींतून गेलोय. माझ्या मते ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

आधी शब्दांचा घोळ. 'अँझायटी अटॅक' हे निदान नाहीच. मानसिक आजारांचं निदान करायला मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या २०१३ च्या संहितेत पॅनिक अटॅकची व्याख्या आहे, अँझायटी अटॅकची नाही. लोक तो शब्द कधी काळजीचा कडेलोट झाला म्हणून वापरतात, कधी पॅनिकलाच तसं म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांकडे गेलात तर नाव सांगत बसू नका. काय झालं, किती वेळ टिकलं, त्याआधी काय चाललं होतं, हे सांगा.

पॅनिक अटॅकमध्ये भीती काही मिनिटांत कळसाला पोचते. धडधड, घाम, थरथर, श्वास कोंडणं, छातीत दुखणं, चक्कर, मुंग्या, आजूबाजूचं खरं न वाटणं, वेड लागेल किंवा मरण येईल असं वाटणं अशी १३ लक्षणं संहितेत दिली आहेत आणि त्यांतली किमान ४ लागतात. काळजीचं तसं नसतं. ती हळूहळू चढते, दिवसच्या दिवस मुक्काम ठोकते, आणि तिला बहुधा विषय असतो: मुलाखत, पैसा, आईचं दुखणं. मान-खांदे आखडतात, थकवा येतो, लक्ष लागत नाही.

पण 'एक जोरात, एक हळू' एवढाच फरक धरला तर फसगत होते. मला जास्त उपयोगी पडलेली खूण वेगळी आहे: भीती कशाची वाटतेय? काळजीत ती पुढे घडणाऱ्या गोष्टीची असते. पॅनिकमध्ये ती या क्षणी स्वतःच्या शरीराचीच असते.

माझा पहिला अटॅक जिना उतरताना आला. मी पायरीवरच बसलो. तपासणीत ईसीजी नॉर्मल निघाला, डॉक्टर म्हणाले, 'हृदय ठणठणीत आहे', आणि मला, खरं सांगतो, अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणजे मी नाटक करत होतो की काय? नव्हतो. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुंग्या खऱ्याच असतात, त्यांचा आपण लावलेला अर्थ चुकीचा असतो. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं: शरीरात काहीतरी जाणवतं, आपण त्याचा भलताच अर्थ लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने ते जाणवणं आणखी वाढतं. (कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खरंच हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल तर ते अंगलट येतं.)

पूर्वी हे सगळं 'चिंताविकार' म्हणून एकाच गाठोड्यात बांधलेलं असे. १९६० च्या सुमारास डोनल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने काही रुग्णांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध दिलं. घाबरून परिचारिकांकडे धाव घेणारे ते रुग्ण काही आठवड्यांनी धावायचे थांबले, पण बरं वाटतंय का विचारलं तर नाही म्हणायचे. झटके गेले होते, 'पुन्हा येईल' ही धास्ती तशीच होती. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये पॅनिकला स्वतंत्र जागा मिळाली.

ही धास्तीच दोघांमधला दुवा आहे. मी तो जिना टाळायला लागलो, मग गर्दी, मग एकट्याने प्रवास. अटॅक सगळे मिळून सहा आले असतील, पण वर्ष खाल्लं ते टाळण्याने. सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, सत्रांत मला मुद्दाम जागच्या जागी पळायला लावून धडधड वाढवायला सांगितलं, तेव्हा कुठे ती नुसती धडधड वाटायला लागली.

तुम्हाला असा झटका एकदाच आलाय. तेवढ्यावरून पॅनिक डिसऑर्डर म्हणत नाहीत. त्यासाठी झटके ध्यानीमनी नसताना पुन्हा पुन्हा यावे लागतात आणि निदान एका झटक्यानंतर महिनाभर तरी पुढच्याची धास्ती किंवा वागण्यात बदल दिसावा लागतो. तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच, कारण थायरॉइड वाढला किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडले तरी असंच होतं. छातीतलं दुखणं नवीन असेल, थांबत नसेल किंवा हात-जबड्याकडे जात असेल तर 'पॅनिकच असेल' म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि तुम्ही त्या दिवशी जिथे बसला होतात, तिथे बसणं बंद केलंय का? केलं असेल तर उद्याच जाऊन बसा.